नवरदेवाला अ‍ॅडजस्ट करताना

मला इंग्रजी येत नाही असं माझ्या सासरी ज्यांना वाटतं, त्यांनी एक दिवस आमच्या दुकानात येऊन बसावं! सुकापूरच्या रस्त्याला आमचं फ्लेक्स बॅनरचं दुकान आहे. मितेश, म्हणजे माझा नवरा, मागच्या खोलीत छपाईचं मशीन सांभाळतो आणि मी पुढे कॉम्प्युटरवर डिझाईन करते. गिऱ्हाइकांशी मी सकाळपासून इंग्रजीच बोलते. आता शब्द एकच आहे, ते सोडा. पण काय शब्द आहे! अ‍ॅडजस्ट!

अहो, या एका शब्दात आख्खी डिक्शनरी मावते. पनवेलला जाणाऱ्या रिक्षात मागे तिघी बसलेल्या असताना चौथी चढते आणि म्हणते, "जरा अ‍ॅडजस्ट करा ना," तेव्हा त्याचा अर्थ, मला तुमच्या मांडीवर घ्या. टेलर ब्लाऊज हातात देऊन म्हणतो, "थोडं अ‍ॅडजस्ट होईल," तेव्हा अर्थ, चुकलंय, पण मी कबूल करणार नाही. सासूबाईंच्या आमटीत मीठ जास्त झालं की आम्ही अ‍ॅडजस्ट करतो, म्हणजे गुपचूप गिळतो. माझ्या आमटीत जास्त झालं की त्या अ‍ॅडजस्ट करतात, म्हणजे सगळ्या बिल्डिंगला सांगून येतात! आणि माझ्या पाठवणीच्या वेळी आईने रडता रडता कानात सांगितलं होतं, "अ‍ॅडजस्ट कर गो बाय." त्यात तर सगळंच आलं.

तर अशी ही मी, नीता! अ‍ॅडजस्टमध्ये माझा हात धरणारा पनवेल तालुक्यात कोणी नाही. म्हणूनच माझ्या एकुलत्या एक भावाचं, प्रणितचं लग्न ठरलं तेव्हा मी छातीठोकपणे जाहीर करून टाकलं, "हळदीचा बॅनर मी करणार! आपल्या नेरे गावात आजवर लागला नसेल असा करणार! आणि काळूकाका त्या बॅनरखालून चालत आपल्या मांडवात येणार!"

काळूकाकांचं नाव काढल्यावर माझ्या बाबांनी, बळीराम त्यांचं नाव, हातातला चहा खाली ठेवला. "येल का गो तो?" एवढंच त्यांनी विचारलं.

काळूराम हा बाबांचा धाकटा सख्खा भाऊ. नेऱ्यात दोघांची घरं एका भिंतीला लागून. इकडच्या कुकरची शिट्टी तिकडे मोजता येते. पण माझ्या लग्नापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. कारण काय, तर बॅनर! माझ्या लग्नाच्या बॅनरवर काकांचा फोटो खालच्या कोपऱ्यात आला. तो कोपरा रस्त्याच्या बाजूला. पाण्याचा टँकर घासून गेला आणि काकांचा उजवा कान फाटला! फोटोतला हो. पण काकांनी तो असा मनाला लावून घेतला की जणू खराच गेला. "सख्ख्या भावाने माजी इज्जत रस्त्यावर ठेवली," म्हणाले आणि त्या दिवसापासून उंबरा ओलांडला नाही. बाबा तोंडाने काही बोलायचे नाहीत. पण घरात मटण शिजलं की भिंतीकडे बघत बसायचे. मला ते बघवायचं नाही.

मी काकांना फोन लावला.

"काका, प्रणितच्या हळदीचा बॅनर मी करतेय. तुमचा फोटो पाठवा ना."

"कंच्या कोपऱ्यात लावनार हायस?"

"कोपऱ्यात नाही काका! वरती! अगदी मध्ये!"

मग काका म्हणाले, "बघतो. बॅनर आवडला तर येन, नाय तर नाय. पन माज्या बाजूला कोन माज्यापरीस मोटा दिसला नाय पायजे. तेवडा अ‍ॅडजस्ट कर."

आला! शब्द आला! मी खुर्चीतच उडाले. काकांनी अ‍ॅडजस्ट म्हटलं म्हणजे भांडण मिटल्यातच जमा होतं. लगेच त्यांचा फोटो आला. फेटा, काळा गॉगल, गळ्यात हार, हाराच्या खाली सोन्याची जाडजूड चेन आणि पोट असं, की त्यालाच वेगळा फ्लेक्स लागावा. कुठल्यातरी सत्काराचा होता. मी तो प्रणितच्या शेजारी लावला आणि प्रणितएवढाच मोठा केला. सुंदर दिसत होतं हो! इथेच थांबले असते तर!

पण आमच्याकडे हळदीच्या बॅनरवर आपला फोटो नसणं म्हणजे आपण मेलो असं लोक समजतात. काका बॅनरवर आहेत ही बातमी भिंतीतून फुटली आणि माझा फोन जो वाजायला लागला, तो बंदच होईना!

पहिला मामाचा. "काळूरामचा फोटो मोटा आणि माजा बारका? मी नवऱ्याचा मामा हाय! अ‍ॅडजस्ट कर!" इथे अर्थ, मला मोठा कर. केला. लगेच दुसरा फोन, "आनि आपल्या तुफानला पन अ‍ॅडजस्ट कर." तुफान हा मामाचा शर्यतीचा बैल. मी म्हटलं, "मामा, बैल कशाला हळदीला?" मामा म्हणाला, "त्याने ढाल जिंकलीय. तुज्या भावाने काय जिंकलाय?" बैल आला. शिंगांसकट आला, म्हणजे आणखी जागा गेली.

मग आत्या. "माझे डोळे मिटलेत गं फोटोत. जरा अ‍ॅडजस्ट कर." म्हणजे उघड! दुसऱ्या फोटोतले डोळे आणून बसवले. मग आत्याचे मिस्टर. "टक्कल अ‍ॅडजस्ट कर." म्हणजे झाक! केस लावून दिले. मग धाकटी मावशी. "मला आत्याच्या शेजारी नको लावूस, लांब अ‍ॅडजस्ट कर." म्हणजे हलव! एक चुलतभाऊ कुवेतहून म्हणाला, "ताई, मी येऊ नाही शकत. बॅनरवर तरी अ‍ॅडजस्ट कर." हे ऐकून तर मला रडूच आलं. त्याला मी जरा जास्तच मोठा लावला.

आता तुम्ही म्हणाल, एवढी माणसं मावली कुठे? सोपं आहे! प्रत्येक वेळी मी प्रणितला थोडंसं लहान करत गेले. घरचाच माणूस ना! त्याने तर एकदाही फोन केला नाही. आधी तो उभा होता, मग कंबरेपर्यंत आला, मग नुसतं तोंड राहिलं. तेही शेवटी बैलाच्या कानाएवढं.

हळदीच्या दिवशी सकाळी पुन्हा काकांचा फोन.

"मोबाईलवर तुजा बॅनर बगितला गो. मामा माज्यापरीस मोटा हाय."

कोणी पाठवला यांना कच्च्या डिझाईनचा फोटो! "नाही काका, फेट्यामुळे तसं वाटतं..."

"फेटा मला पन हाय. र्‍हाव दे. मी घरीच बरा हाय."

"नाही नाही नाही! काका, दोन मिनिटं! अ‍ॅडजस्ट करते!"

आमच्या कामात असं असतं की कॉम्प्युटरवर मधोमध एक चौकोन असतो. त्या चौकोनात जे असेल तेच छापलं जातं. चौकोनाच्या बाहेर मोकळी जागा असते. काही हलवायचं असलं की आम्ही तिथे तात्पुरतं काढून ठेवतो, जसं घर झाडताना खुर्ची पडवीत काढतात. तसं मी प्रणितला उचललं, बाहेर ठेवलं आणि काकांना ऐन मध्यावर घेऊन असं मोठं केलं की मामा त्यांच्या काखेत आला. बाहेर काढलेल्या प्रणितला आता आत घेणार, एवढ्यात मागून मितेश ओरडला, "अगं फाईल दे! लाईट जाणार आहे! मेसेज आलाय!"

मी घाईघाईने एकेक तोंड तपासलं. मामा मोठा? आहे. आत्याचे डोळे उघडे? आहेत. टक्कल झाकलं? झाकलं. मावशी लांब? आहे. बैलाची शिंगं पूर्ण? आहेत. ज्यांची ज्यांची तक्रार होती ते सगळे जागेवर! फाईल दिली. आणि ज्याची काहीच तक्रार नव्हती तो बिचारा पडवीत राहिला.

दुपारी नेऱ्यात घरापुढच्या मांडवाच्या तोंडाला बॅनर चढला. काय सांगू तुम्हाला! वरती सोनेरी अक्षरांत 'प्रणित आणि भाविका यांच्या शुभविवाहानिमित्त हळदी समारंभ'. खाली आमचं सगळं खानदान आणि एक बैल! आख्खं गाव माना वर करून बघत होतं. जो तो स्वतःला शोधायचा, सापडला की मोबाईल काढायचा. "एक नंबर बॅनर, नीता!" "तोडलंस गो!" मी नऊवारीत नुसती फुगत होते. प्रणित कुठे आहे हे एका माणसाने विचारलं नाही. खरं सांगते, एकाही माणसाने नाही!

आणि मग ते घडलं. शेजारचं दार उघडलं, काळूकाका बाहेर आले. मागे मालूकाकी. काका बॅनरखाली उभे राहिले. वर बघितलं. गॉगल काढून परत बघितलं. मग चालत आले ते थेट मांडवात, बाबांच्या समोर! बाबांनी नुसती खुर्ची पुढे सरकवली. काका बसले. मी मांडवाच्या खांबाआड जाऊन पोटभर रडले. आतून लग्नाची गाणी गाणाऱ्या धवलारीण बाईंनी हळदीचं गाणं उचललं, बायकांनी प्रणितला पाटावर बसवला आणि हळद चोळायला सुरुवात झाली. जिंकले होते मी!

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. भाविका! आमची नवरी. उरणजवळच्या मोऱ्याची.

"नीताताई, बॅनरवर प्रणित कुठाय?"

"आहे की. मध्ये बघ."

"मध्ये एक गॉगलवाले काका आहेत."

"त्यांच्या बाजूला..."

"बाजूला बैल आहे!"

मी बॅनरकडे धावले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. बैलाच्या कानाशी बघितलं. आणि एकदम डोळ्यांपुढे तो चौकोन आला, आणि चौकोनाबाहेर ठेवलेला माझा भाऊ!

"ताई, इथे घोळ झालाय," भाविका जवळजवळ रडत होती. "आजीने बॅनरचा फोटो बघितला. ती त्या काकांनाच नवरा समजलीय!"

भाविकाची आजी, गंगाबाई. साखरपुड्याच्या वेळी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यावर पट्टी होती, म्हणून प्रणितला त्यांनी बघितलंच नव्हतं. आता नवीन डोळे आलेत आणि त्या सगळ्या जगाला नीट बघून घेतायत. फोनवर मागून त्यांचा आवाज येत होता, "एवड्या माताऱ्याला पोर देताव? नातवंडं असतील त्याला! मी उष्टी हळद घरात घेनार नाय!"

नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीकडे जाते, मग तिची हळद लागते. ती उष्टी हळद घ्यायचीच नाही असं जाहीर करून गंगाबाई मोऱ्याच्या घराच्या उंबऱ्यात मांडी घालून बसल्या होत्या!

"व्हिडिओ कॉल लाव," मी म्हटलं, "प्रणितला दाखवते."

मी फोन घेऊन पाटाकडे पळाले. पण तोवर आमच्या बायकांनी काम फत्ते केलं होतं. कपाळ, नाक, कान, पापण्या, सगळं पिवळं! नुसते दात पांढरे. प्रणितने हात हलवला. "नमस्कार आजी!"

गंगाबाई फोनमध्ये डोळे घालून बघत राहिल्या. "याला तर कावीळ झालीय!"

"आजी, हळद आहे ती!" मी कळवळून म्हटलं. "थांबा, त्याचा जुना फोटो पाठवते."

"मोबाईलवरला नको. मोबाईलवर कोन पन कोनाला गोरा करतो. गावात बॅनरवर लागतो तोच खरा नवरा. बॅनरवर दाखव, मंग बोल."

आजींचं म्हणणं खोटं नव्हतं. मी स्वतःच टकलावर केस लावलेले!

मी मितेशला फोन केला. "अहो, प्रणितचं तोंड छापून आणा! मोठं! काकांच्या तोंडाएवढं! आत्ताच्या आत्ता!" मितेश म्हणाला, "पूर्ण बॅनर परत नाही होणार, लाईट येतेय जातेय. नुसतं तोंड होईल." म्हटलं, तोंड तर तोंड! अर्ध्या तासात तो बाईकवर तोंडाची गुंडाळी घेऊन हजर झाला.

आता प्रश्न असा, की हे तोंड लावायचं कुठे? बॅनरवर बोट ठेवायला जागा नव्हती. मी मामाकडे बघितलं. "माज्यावर नाय हां! मी नवऱ्याचा मामा हाय." "मग तुफानवर लावू का?" "बैलाला हात लावशील तर लग्नाला नाय र्‍हानार!" आत्या म्हणाली, "माझे डोळे इतक्या मेहनतीने उघडलेस, आता झाकतेस?" कुवेतवाला तर बिचारा तिथे नव्हताच, त्याला झाकायला माझा हात धजेना. माझ्या स्वतःच्या फोटोवर लावावं म्हटलं, तर तो बायकांच्या ओळीत, नऊवारीतला. तिथे नवरदेव लावला असता तर गंगाबाईंनी पोलीस बोलावले असते.

राहता राहिले काका. मधोमध. मोठे. नवरदेव शोभावा अशी एकच जागा.

मालूकाकी काकांच्या मागेच उभ्या होत्या. फोनवरचं सगळं ऐकून त्या आधीच तापल्या होत्या. "लाव गो याच्यावरच! या वयात नवरा व्हायला निगालाय! पोरी बगतात का म्हनून गॉगल!"

काकांचा चेहरा पडलेला. एक हात आपोआप उजव्या कानाकडे गेला. आत्ता उठतील, मला वाटलं, आणि जातील ते कायमचेच.

तेवढ्यात बाबा उठले. माझे बाबा, जे गेल्या कित्येक वर्षांत मोठ्याने बोलले नव्हते, ते ओरडले, "काळूच्या फोटोला हात लावायचा नाय! एकदा त्याचा कान गेला तो गेला. हळद उद्या पाठवू, लगीन पुढं ढकलू, पोरीच्या आजीच्या पाया पडायला मी सोता मोऱ्याला जातो. पन माजा भाऊ हितनं हलनार नाय!"

डीजेवाल्याने आवाज कमी केला.

काकांनी बाबांचा हात धरला. "दादा," ते म्हणाले, "तू बोललास ना, झाला माजा." आणि माझ्याकडे वळून, "लाव गो नीता. प्रणितचा तोंड माज्यावर लाव. मला काय, मी तर हितं खुर्चीत बसलोच हाय!"

मग काय विचारता! दोघं भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले, मालूकाकी पदर डोळ्याला लावून रडायला लागल्या, मामाने सुद्धा काकांना चहा आणून दिला. डीजेवाल्याने आवाज दुप्पट केला! शिडी आली. काकांनी स्वतः खालून धरली, मितेश वर चढला आणि त्याने प्रणितचं तोंड काकांच्या तोंडावर बरोबर चिकटवलं. नुसतं तोंडच छापलेलं असल्यामुळे खालचं सगळं काकांचंच राहिलं. हार, सोन्याची चेन, पोट. प्रणितच्या तोंडाची वरची कडा मितेशने कापून काकांच्या फेट्याला बरोब्बर टेकवली. लांबून बघितलं तर जमलं होतं हो! जरा भरलेला वाटत होता, पण नवरदेव होता. मी फोटो काढून मोऱ्याला पाठवला आणि देवाचं नाव घेत बसले.

फोन आला. गंगाबाईंचा आवाज खणखणीत.

"आता कसा! हा बरा हाय. अंगाने भरलेला हाय, खात्यापित्या घरचा दिसतो. गल्यात सोना पन हाय. पाठवा हळद!"

मी आनंदाने किंचाळले! गाडी सुटली, उष्टी हळद मोऱ्याला पोचली, भाविकाला हळद लागली. इकडे नेऱ्यात बाबा आणि काका मांडवात एका ताटात जेवले, मग हात धरून डीजेपुढे नाचले आणि नाचता नाचता भिंतीत दार पाडायचं ठरवून मोकळे झाले. मी मितेशला म्हटलं, "बघितलंत? सगळं कसं निस्तरलं मी!" मितेश शिडी परत द्यायला निघून गेला. मला वाटलंच नाही की आता काही निस्तरायचं राहिलंय.

दुसऱ्या दिवशी लग्न. वऱ्हाड पोचलं. हॉलच्या दारात गंगाबाई खुर्ची टाकून बसलेल्या, नवीन चष्मा, नवीन डोळे. आमचा प्रणित शेरवानीत गाडीतून उतरला. प्रणित म्हणजे काय, लहानपणापासून वारा सुटला की आई त्याला घरात घ्यायची! शेरवानी खांद्यावर कशीबशी टिकलेली. तो येऊन गंगाबाईंच्या पाया पडला.

आजींनी चष्मा वर केला. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून निरखून बघितलं. मग नजर हळूहळू खाली गेली. गळा, छाती, पोट, पाय. परत वर आली. मग त्यांनी बोटाने मला जवळ बोलावलं आणि आख्ख्या वऱ्हाडाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"मुंडी तीच हाय गो. बाकीचा नवरा कुठं ठेवलात?"